बिनबटणांचा सिगवाल्दी

३ जून १७९४, होल्ट

मार्कूसनं आज सकाळी ही कोरी वही माझ्या हातात ठेवली. म्हणाला, "ताई, तू दिवसभर बोलतेस. थोडं हिच्याशी बोलत जा. मला रविवारचं प्रवचन लिहायचंय." धाकट्या भावाला पाद्रीची गादी मिळाली की त्याला असं बोलायचा हक्क आपोआप मिळतो, असं दिसतं.

तर हे वहीबाई, मी विल्बोर्ग. वय तेहतीस, लग्न नाही. एकदा ठरलं होतं. पण धुराच्या वर्षी आगीचा डोंगर फुटला, मेंढ्या मेल्या, माणसं मेली, त्यात तोही गेला. तेव्हापासून मी मार्कूसचं घर सांभाळते आणि काल त्याच्याबरोबर या नव्या गावी आले. घर गवती मातीचं, छप्पर गळकं, विहीर चांगली. म्हातारी ओड्नी स्वैपाकघरासकट मिळाली आहे. ती मला 'पोरी' म्हणते. कोलूर नावाचा काळा कुत्राही मिळाला, तो मला काहीच म्हणत नाही.

गावात यायला नदी ओलांडावी लागते. नावाडी टॉर्फी म्हणून आहे. उंच, वाळका, खत्रूड. माझ्या पेट्या बघून म्हणाला, "बाई, नाव माझी आहे, नोहाची नाही."

मी म्हटलं, "नोहानं प्राण्यांना तरी नीट बोलून चढवलं असेल."

पलीकडे पोचेपर्यंत त्यानं माझ्या टोपीवर कवन रचलं होतं. 'थबकली नदी टोपी पाहून, म्हणे, आधी बाई तुम्ही जा वाहून.' असला उर्मट माणूस मी जन्मात पाहिला नाही. मार्कूस मात्र हसत होता.

११ जून

ओड्नीकडून गावचं भूत कळलं. प्रत्येक गावाला एक असतंच, त्यामुळे मी लोणी घुसळत निवांत ऐकलं.

सिगवाल्दी नावाचा चांदीकाम करणारा तरुण होता. गेल्या शरदात, मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्या त्या आठवड्यात, तो टॉर्फीच्या नावेतून नदीच्या या काठाला उतरला. पुढे घोड्यावरून माळाकडं जायचा होता. घोडा दोन दिवसांनी एकटाच परत आला. माणूस नाही, प्रेत नाही. नाताळापासून मात्र तो धुक्यात नदीकाठी दिसतो. अंगात तोच तांबडा डगला, पण डगल्याला एक बटण नाही. एका हातानं तो पुढून मिटून धरलेला असतो, थंडी वाजत असल्यासारखा.

"रात्री दिसतो?" मी विचारलं.

"छे गं पोरी. सकाळी. न्याहारी झाली की."

म्हटलं, भुताला शिस्त आहे म्हणायची.

ओड्नीला हसू आलं नाही. म्हणाली, "हसू नको. मागं दोघे भाऊ मेंढ्या घेऊन पठारावरून येताना गारठून मेले, ऐकलं असशील, त्यांचीही प्रेतं कुणी पळवली होती. एक भाऊ बहिणीच्या स्वप्नात येऊन सांगून गेला की आम्ही खडकाच्या फटीत आहोत. मेलेल्याला माती मिळाली नाही की तो बोलतो. आणि हा उतरणीवरच उभा राहतो, टॉर्फीच्या नावेपाशी. लोकांना काय कळायचं ते कळतं."

ती गोष्ट आमच्याकडेही सांगतात. पण नावाडी खत्रूड आहे म्हणून खुनी थोडाच होतो? मग आमच्या काकांना केव्हाच सुळावर द्यायला हवं होतं.

१३ जून

पलीकडच्या काठावर उना राहते, सिगवाल्दीची बहीण. लोकर कातते. तिला भेटायला गेले, पाद्रीच्या घरचं कुणी जायला हवं म्हणून. जाताना टॉर्फीशी एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं होतं. नदीच्या मध्यावर त्यानंच विचारलं, "आज जीभ घरी विसरलात?" मग बोलावंच लागलं.

उना माझ्याच वयाची, बारीक, कोरड्या डोळ्यांची. सुकट आणि लोणी पुढं ठेवलं. भावाबद्दल सरळ बोलली. "डगल्याची बटणं त्यानं स्वतः घडवली होती, चांदीची. मी चिडवायचे, राजपुत्र लागून गेलास का म्हणून. आता लोक म्हणतात तो डगला धरून उभा असतो. मला एकदाही दिसला नाही. सख्खी बहीण मी."

टॉर्फीबद्दल विचारलं तर म्हणाली, "त्यानं कुणाला मारलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यावर चार कडवी रचून गावभर म्हटली असती. त्याच्या पोटात काही राहत नाही."

हे मला पटलं. परत येताना त्याच्याकडं नीट बघितलं. हात मोठे आहेत, पण वल्ही फार हळुवार धरतो. हे इथं लिहायचं काही कारण नाही.

१५ जून, रविवार

प्रवचन बरं झालं. मार्कूस घाबरला की डावा कान ओढतो. आज तीनदाच ओढला.

नंतर हाफलिदी घरी आला. तो या पंचक्रोशीचा कारभारी, विधुर, पंचेचाळिशीचा, गावात सर्वांत मोठी शेती त्याची. त्याच्या घराला काचेच्या खिडक्या आहेत. खऱ्या काचेच्या, मेंढीचं आतडं ताणून बसवलेल्या नाहीत. बोलतो गोड, बसतो ऐसपैस, आणि माझ्या ताज्या दह्याला 'जिल्ह्यात असं खाल्लं नाही' म्हणाला.

एक गंमत झाली. तो यायच्या थोडं आधी ओड्नी रवी हातात धरून बसल्याबसल्या घोरायला लागली, मार्कूसला जांभयांवर जांभया, आणि कोलूर बाकाखाली जाऊन कण्हू लागला. ओड्नी जागी झाल्यावर पुटपुटली, "पाठीला लागलेलं असतं ना, ते माणसाच्या आधी पोचतं. घरच्यांना पेंग येते."

मी म्हटलं, "प्रवचनानंतर कुणालाही पेंग येते." मार्कूसला हे आवडलं नाही.

२२ जून

हाफलिदी पुन्हा आला. कोलूर पुन्हा बाकाखाली. त्याची तपकीर फार उग्र आहे, बिचाऱ्या कुत्र्याच्या नाकाला झोंबत असणार.

६ जुलै, रविवार

फार वाईट दिवस.

देवळातून लोक बाहेर पडले तेव्हा धुकं होतं. गुराख्याची बायको एकदम नदीकडं बोट करून किंचाळली. मी पाहिलं, तर धुकं आणि धुक्यात मेंढी असावी असं काहीतरी. पण तिघाचौघांनी शपथेवर सांगितलं की तांबडा डगला होता आणि हात नावेकडं होता. मग हळूहळू सगळ्यांनाच तो दिसलेला निघाला.

टॉर्फी तिथंच उभा होता. म्हणाला, "डगला धरायला एक हात, बोट दाखवायला दुसरा. मग टोपी कशानं काढली त्यानं? तुमच्यासमोर काढल्याशिवाय राहणार नाही, सभ्य होता तो." अशा वेळी गप्प बसावं, एवढं त्याला कळू नये?

हाफलिदी पुढं झाला. शांतपणे म्हणाला, "मंडळी, कायदा हातात घ्यायचा नाही. जिल्ह्याचे अंमलदार महिनाअखेरीस येतायत. तोवर हा माझ्या कोठारात राहील. त्याच्याच भल्यासाठी." सगळ्यांना ते समजूतदारपणाचं वाटलं. मलाही वाटलं. मार्कूस कान ओढत उभा राहिला.

नाव आता बांधून ठेवली आहे. पलीकडे जायचं तर वर पाणी उथळ आहे त्या उतारानं घोडा घालावा लागतो, अख्खा दिवस जातो. जेवण गेलं नाही. ताक आंबट होतं बहुधा.

१२ जुलै

कैद्याला अन्न पोचवणं हे पाद्रीच्या घराचं कर्तव्य आहे. मार्कूसला वेळ नाही, म्हणून मी जाते. रोज.

कोठार दगडी, दाराला फटी. फटीतून भाकरी आत जाते, वाडगा तिरका करावा लागतो. आज म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी गप्प का बसला नाहीत?"

"गप्प बसलो असतो तर म्हणाले असते, बघा, वाचा बसली."

"अंमलदार काय करतील?"

"प्रेत नाही, पण साक्षी आहेत. भुताच्या का होईना." मग म्हणाला, "मान कापायला माणूस मिळत नाही म्हणे हल्ली. एखादा चोर पकडून त्याच्याकडून करवून घेतात. हात बसलेला नसतो बिचाऱ्याचा."

मी म्हटलं असलं बोलू नका. तो म्हणाला बरं, मग तुम्ही बोला. मी छपराबद्दल बोलले, ओड्नीबद्दल बोलले, कोलूरबद्दल. फटीतून त्याचा एकच डोळा दिसतो. तो हसत होता की काय ते कळलं नाही.

हाफलिदीनं अंगणातून पाहिलं. नंतर मला म्हणाला, "फार मोठं मन आहे तुमचं, विल्बोर्गबाई." काचेच्या खिडक्या आतूनही दाखवल्या. आतून नदी अगदी जवळ दिसते.

२० जुलै, रविवार

त्यानं मागणी घातली. मार्कूसला विचारून, रीतसर. आणि भेट आणली, चांदीच्या बटणांचा संच, सणाच्या चोळीला लावायला. इतकं नाजूक काम मी कधी पाहिलं नाही. प्रत्येक बटणावर एक इवलासा पक्षी, मान मागं वळवून बघणारा. डोळ्याच्या जागी सुईच्या टोकाएवढं छिद्र. कोपनहेगनहून येणाऱ्या जहाजावरच्या व्यापाऱ्याकडून चार वर्षांपूर्वी घेतली म्हणे, बायकोसाठी. ती त्याच हिवाळ्यात गेली. "तिला घालायला मिळाली नाहीत. पेटीत पडून होती. चांगली चांदी वाया जाऊ नये," म्हणाला. मला गलबलून आलं. बायकोची आठवण जपणारा माणूस वाईट असेल कसा?

सिगवाल्दी असता तर त्याला दाखवली असती. त्यानंच खरी पारख केली असती.

उत्तर द्यायला तीन दिवस मागून घेतले. मार्कूस म्हणतो, "ताई, माझं लग्न झालं की तुला या घरात अडचण वाटेल." त्याचं लग्न कुठं आहे अजून? पण त्याचा हेतू चांगला असतो.

२३ जुलै

हो म्हटलं.

का म्हटलं ते लिहून ठेवते, पुढं विचारलं कुणी तर. तेहतीस वर्षं. गळकं छप्पर. खिडक्या. त्याचा आवाज कधी चढत नाही. आणि मला कुणी विचारलं, हेच पुष्कळ. यात प्रेम कुठं आहे ते मलाही दिसत नाही, पण धुराच्या वर्षानंतर मी ते शोधायचं सोडलं आहे.

चोळीला नवी बटणं लावूनच कोठारापाशी गेले, तेव्हा टॉर्फीला आधीच कळलं होतं. म्हणाला, "अभिनंदन. भाकरी ठेवा आणि जा." वाडगा तिरकाही न करता ओढला, अर्धं सांडलं. त्याचं काय बिघडलं एवढं?

रात्रभर झोप नाही. या दिवसांत उजेडच असतो म्हणा.

२७ जुलै, रविवार

घाईत लिहितेय, अक्षर वाचता आलं नाही तर माफ कर.

आज बटणं लावलेली चोळी घालून देवळात गेले. बायका माना वळवून बघत होत्या, मला बरं वाटत होतं. उना वरच्या उतारानं घोडा घालून आली होती, पहाटेच निघाली असणार. प्रार्थना संपली, मी अंगणात तिच्याजवळ गेले आणि ती बोलता बोलता थांबली. माझ्या छातीकडं बघत राहिली. मग तिनं एक बटण दोन बोटांत धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"कुठून आणलीस?"

मी सांगितलं.

ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "हा पक्षी मी काढून दिला होता त्याला. कोळशानं, चुलीच्या दगडावर. मागं वळून का बघतोय म्हणून त्यानं विचारलं, तर मी म्हटलं, बहीण मागं राहिली म्हणून. एक बटण चोच तुटून बिघडलं, ते त्यानं मला दिलं. घरी आहे माझ्या."

अंगावर प्रेताचे हात फिरल्यासारखं झालं. दहा पावलांवर हाफलिदी मार्कूसशी हसून बोलत होता. उना त्याच्याकडं निघालीच होती, मी तिचं मनगट धरलं.

"आत्ता नाही," मी म्हटलं. "आत्ता बोललीस तर तो म्हणेल, टॉर्फीकडून विकत घेतली. झालं. टॉर्फीची मान गेलीच मग."

"मग काय करायचं?"

"मला तो जहाजाचं सांगून चुकलाय, पण एकटीला. तेच सगळ्यांसमोर वदवून घ्यायचं. अंमलदारांसमोर."

उनानं विचारलं, "आणि तोवर तू त्याची होणारी बायको?"

"तोवर," मी म्हटलं. शाल ओढून घेतली आणि हाफलिदीकडं जाऊन हसले. कशी हसले ते देवाला माहीत. त्यानं माझा हात हातात घेतला. हात उबदार होता. तेच सगळ्यांत भयंकर वाटलं.

घरी येऊन मार्कूसला सांगितलं. वाटलं, हा कान ओढून ओढून लांब करणार. तो म्हणाला, "माझ्या घरात बसून तो दही खात होता. मी त्याला माझी बहीण देत होतो." एवढंच. कानाला हात लावला नाही.

३० जुलै

उद्या अंमलदारांना जेवायला बोलावलं आहे, हाफलिदीसकट. कोकरू कापलं. कॉफी दाणे भाजताना जाळले, पुन्हा भाजले. उना लपून स्वैपाकघरात आली आहे, ओड्नीजवळ झोपते. ओड्नीला काही सांगितलं नाही, पण तिनं विचारलंही नाही.

टॉर्फीलाही काही सांगता येत नाही. तो माझ्याशी बोलत नाही. फटीतला डोळाही नाही. आज वाडगा ठेवून जरा वेळ बसले आणि एकटीच छपराबद्दल बोलून आले.

उद्या हाफलिदीनं काही वेगळंच सांगितलं तर? बटणं आठवत नाहीत म्हणाला तर? मी मूर्ख ठरेन, आणि टॉर्फी मरेल. पहिल्याचं मला काही नाही.

३१ जुलै

झालं. जसं झालं तसं लिहिते.

अंमलदार गोलमटोल, चष्मेवाले, कोपनहेगनला शिकलेले. आल्याआल्या म्हणाले, "त्या भुतांच्या साक्षी मी ऐकणार नाही, पण नावाडी शेवटचा होता हे खरं." हाफलिदी आला तेव्हा कोलूर बाकाखाली गेला. मला आता हसू आलं नाही.

कोकरू संपलं. मी चोळीचं वरचं बटण पुढं केलं आणि लाजल्यासारखं करत म्हटलं, "अंमलदारसाहेब, तुम्ही राजधानी पाहिलेली. ही कुठल्या कारागिराची असतील हो? यांनी मला वाङ्‌निश्चयाला दिली."

साहेबांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं. "वा. कुठं मिळाली?"

हाफलिदी हसला. "जहाजावर. चार उन्हाळ्यांपूर्वी. माझ्या बायकोसाठी घेतली होती, देव तिला शांती देवो."

"नक्की चारच?" मार्कूसनं विचारलं, अगदी सहज, मीठ मागावं तसं.

"नक्की. ती गेली त्याच वर्षी."

मी हाक मारली, "उना, कॉफी आण."

उना आली. कॉफी नव्हती तिच्या हातात. तिनं अंमलदारांच्या ताटलीत एक बटण ठेवलं. तोच पक्षी, तीच वळलेली मान, फक्त चोच नाही. म्हणाली, "माझ्या भावानं दोन वर्षांपूर्वी घडवलेली. हे त्यातलंच, बिघडलेलं. गावात निम्म्या लोकांनी त्याच्या डगल्यावर लांबून चांदी चमकताना पाहिलीय."

साहेबांनी दोन्ही शेजारी धरली. मग हाफलिदी म्हणाला, आवाज न चढवता, "असेल. आता आठवलं. ही टॉर्फीनं मला गेल्या हिवाळ्यात..."

"आत्ता जहाज म्हणालात," मार्कूस म्हणाला. माझा भाऊ, जो गाईलाही 'सरका' म्हणायला लाजतो.

आणि तेव्हाच ती पेंग आली. अंमलदारांनी मोठी जांभई दिली, माफ करा म्हणाले, पुन्हा दिली. उनाची मान झुकली. ओड्नी दारात भिंतीला टेकून डोळे मिटत होती. दार उघडं होतं, बाहेर भर दुपारचं धुकं. मला झोप आली नाही. मी हाफलिदीकडं बघत होते म्हणून मला दिसलं. तो दाराकडं बघत होता. दारात ओड्नीशिवाय कुणीही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

तो दमल्यासारखा म्हणाला, "त्याला बसायला सांगा कुणीतरी. नाताळापासून उभा आहे. मी जिथं जातो तिथं आधी येऊन उभा."

साहेब खडबडून जागे झाले. मग हाफलिदीनं सगळं सांगितलं, भाव ठरवल्यासारखं, सरळ. सिगवाल्दीचा घोडा त्याला हवा होता. तो देईना. माळाच्या वाटेवर बोलाचाली झाली, चाबकाचा दांडा डोक्यात बसला. एकच. मग त्यानं त्याला माळावरच्या जुन्या, पडक्या मेंढवाड्यात, भिंतीच्या दगडांखाली पुरलं.

"आणि बटणं?" साहेबांनी विचारलं.

हाफलिदीनं त्यांच्याकडं आश्चर्यानं पाहिलं. "चांदी होती. मातीत कशाला घालवायची?"

४ ऑगस्ट

त्या मेंढवाड्यात तो सापडला. तांबडा डगला बराचसा टिकला होता. काल पुरलं. मार्कूस बोलला, थोडंच, आणि चांगलं. बटणं उनानं स्वतः डगल्याला शिवून दिली, बिघडलेलं तेवढं ठेवून घेतलं. मी मदत करू का विचारलं. तिनं माझ्याकडं सुई दिली. दोघी मिळून शिवत बसलो. ती रडली तेव्हा मीही रडले, पण तिच्यासाठी की माझ्यासाठी ते सांगता येणार नाही.

हाफलिदीला साहेब घेऊन गेले. जाताना मला म्हणाला, "खिडक्यांना हिवाळ्यात आतून चरबी लावायची असते, नाहीतर तडकतात." मी या माणसाशी लग्न करणार होते. त्याच्या आवाजात आजही मला काही वाईट ऐकू येत नाही. याचीच भीती वाटते.

गावात आता प्रत्येकाला पहिल्यापासूनच हाफलिदीचा संशय होता. गुराख्याच्या बायकोला भुताचं बोट त्याच्या घराकडं होतं असं आठवतंय.

९ ऑगस्ट

टॉर्फी सुटला त्याला आठवडा होऊन गेला, तरी आभार मानायला आलेला नाही. मला आभार नकोतच. पण नाव सुरू झाली आहे आणि उनाला भेटायला हवंच होतं, म्हणून आज गेले.

तो वल्ही मारत राहिला. बारीक झालाय. मीच म्हटलं, "काही बोलणार नाही का?"

"तुम्ही त्याची बटणं घालून माझ्या दारात आला होतात."

"मला ठाऊक नव्हतं."

"मलाही नव्हतं. चांदी दिसली, एवढंच. मला वाटलं, शोभतायत."

मध्यावर प्रवाह जोरात असतो, तिथं तो बोलत नाही. तो ओलांडल्यावर म्हणाला, "कोठारात एकटा नव्हतो मी. रोज सकाळी यायचा तो. न्याहारीनंतर. डगला धरून समोर बसायचा."

मी विचारलं, "भ्याला नाहीत?"

"कशाला? ओळखीचा माणूस. थंडी वाजायची त्याला, बाकी काही नाही."

"काय बोलायचा?"

"तो नाही बोलायचा. मीच बोलायचो. दिवस मोठे होते."

"आणि तुम्ही काय बोलायचात?"

टॉर्फीनं वल्ही आत घेतली. नाव आपोआप काठाला लागत होती. "तुमच्याबद्दल," तो म्हणाला, आणि दोर घेऊन पाण्यात उतरला.

मला उतरताना पाय ओले झाले, ते मागाहून उनानं दाखवलं तेव्हा कळलं.

या बोलण्याचा नेमका अर्थ काय ते मला अजून नीट लागलेला नाही. तिरकस माणूस, कवनंबिवनं करणारा, कशाचा काय अर्थ घ्यायचा? उद्या पुन्हा पलीकडे जावं लागणार आहे. उनाला लोकर पोचवायची आहे. घरात लोकर शिल्लक नाही, सकाळी उठून कुठून तरी बघायला हवी.